तिजबरोबर आलेला मुलगा

आपला बाप आपल्याला ठाऊक असतो, आजा पाहिलेला असतो, पणजा ऐकलेला असतो. त्यापुढे बहुतेकांची वाट संपते. श्राद्धविधी लावून देणाऱ्यांना माणसाच्या स्मरणशक्तीचा हा आवाका चांगलाच माहीत असला पाहिजे. म्हणून पिंड तीन पिढ्यांचे, आणि राहिलेल्यांची सोय सरसकट सर्वपित्री अमावास्येला. गोत्र आठवत नसेल तर खुशाल काश्यप म्हणावे, अशीही एक सवलत आहे. मला या सवलतीचे नेहमी कौतुक वाटत आले आहे. विसरणे हा गुन्हा न मानता त्याची तरतूद करून ठेवणारी माणसे शहाणी असली पाहिजेत.

परंतु आमच्या धाराशिव जिल्ह्यात सध्या विसरण्याला सवलत उरलेली नाही. २०२३ साली मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि तेव्हापासून गावोगाव वंशावळीचा धंदा सुरू झाला. निजामाच्या अमदानीतली खासरा पत्रके, पाहणी पत्रके, जन्ममृत्यूची रजिस्टरे, शाळेतली प्रवेशाची पुस्तके, सगळे कपाटाबाहेर आले. ती मागणी बरोबर की चूक हा माझा आजचा विषय नव्हे. पण मी शाळामास्तर असल्यामुळे शाळेचे जुने रजिस्टर उघडून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. त्या निमित्ताने निरनिराळ्या वयाची माणसे आपल्या आज्याचे नाव बोटाने शोधताना मी पाहिली. नाव सापडले की त्या ओळीवर बोट क्षणभर थांबते. दाखल्याचे काम झालेले असते, तरी बोट तिथेच राहते.

कागद खोटे बोलत नाही, असे म्हणतात. म्हणणाऱ्याने आमचे रजिस्टर पाहिलेले नसावे. त्यात निम्मे गाव एक जूनला जन्मलेले आहे. मुलाचा जन्म कोणत्या पावसात झाला एवढेच आईला आठवत असे. शाळा जूनमध्ये भरते, तेव्हा मास्तर आपले एक जून लिहून मोकळे होत. माझ्या वडिलांचाही जन्म एक जूनचाच. ती तारीख एका अनोळखी मास्तराने त्यांना दिली, आणि तिच्यावर ते पुढे नोकरीतून निवृत्त झाले. एखाद्या गोष्टीची नोंद होणे आणि ती गोष्ट घडणे यांत केवढे अंतर असू शकते, हे मला त्या रजिस्टराने प्रथम शिकवले.

तर आमच्या भाऊबंदांनीही या हवेत ठरवले की, घराण्याची वंशावळ छापून काढायची आणि कुळधर्माला सगळे जमतील तेव्हा घरटी एक प्रत द्यायची. मी दोन-चार कादंबऱ्या लिहिलेल्या असल्यामुळे काम माझ्या गळ्यात पडले. पुरुषांची नावे झटपट मिळाली. काही खासऱ्यात होती, काही नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत. नाशिकच्या त्या लांबट वह्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक असेल, आपले गाव आणि आडनाव सांगताच गुरुजी नेमके पान काढतात, आणि शंभर वर्षांपूर्वी गोदावरीवर अस्थी घेऊन आलेला आपला कोणी पूर्वज तिथे आपली वाट पाहत असतो. दोन महिन्यांत सात पिढ्यांचा वृक्ष उभा राहिला. तो मी भिंतीला लावून पाहिला, तेव्हा असे दिसले की आमच्या घराण्यात सात पिढ्या पुरुषांना पुरुषच होत आले आहेत. बायका कोठून आल्या, कोठे गेल्या, याचा पत्ता नाही.

निदान पणजीपासून सुरुवात करावी असे मी ठरवले. ती कोणाची मुलगी, तिचे लग्न केव्हा आणि कसे झाले? नाशिकच्या वहीत पणज्याच्या नावापुढे तिचे नाव होते. ते मी येथे लिहीत नाही. पुढे जे सांगणार आहे त्याला घरातून अजून पुरती परवानगी मिळालेली नाही. पण ते नाव हाती येऊनही फारसे काही हाती आले नाही. कारण आपल्याकडे लग्नात मुलीचे आडनाव तर बदलतेच, पण तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहून पाळण्यातले नावही पुसतात. तिच्या आईने तिला ज्या नावाने हाक मारली ते नाव आमच्या कोणत्याच वहीत असणे शक्य नव्हते. आमच्या जिल्ह्याचेच पाहा ना. सातव्या निजामाच्या नावाने तो उस्मानाबाद झाला आणि २०२३ मध्ये त्याला धाराशिव हे माहेरचे नाव परत मिळाले. जिल्ह्याला मिळते, बाईला मिळत नाही. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव लिहायचे असा आता नियम झाला आहे, हे चांगले झाले. पण तेथेही आईचे नाव सासरचेच लागते.

पणजीच्या माहेराचा पत्ता कागदाने दिला नाही. तो एका ओवीने दिला. माझी आत्या ऐंशीच्या पुढे आहे. पणजीच्या शेजारी बसून तिने लहानपणी जात्याच्या खुंट्याला हात लावलेला आहे. पणजी दळताना भावाच्या गावाचे नाव घेई, तेरणेच्या काठचे, आणि त्या गावच्या मारुतीचे. आत्याने ती ओवी मला अडखळत म्हणून दाखवली, तेव्हा मला वाटले की बायकांनीही आपली दप्तरे ठेवली होती, फक्त ती पहाटे जात्यावर उघडत आणि दळण संपले की मिटत. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉतवँ यांनी अशा लाखाहून अधिक ओव्या गावोगाव फिरून टिपून ठेवल्या. त्यांनी केवढे मोठे दप्तर वाचवले ते मला तेव्हा कळले.

मी त्या गावी गेलो. पण ते गाव तिथे नव्हते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे गणपती बुडवून लोक झोपलेले असताना, आपल्याकडे जो भूकंप झाला त्यात दगडमातीच्या जाड भिंतींची ती घरे बसली. आता गाव दूर माळावर आखीव रस्त्यांत वसले आहे. जुन्या जागी बाभळी आहेत. पेट्या, पिशव्या, देव्हाऱ्यामागे खोचलेले कागद, सगळे त्या भिंतींखाली गेले. जिथे माणसेच हजारांनी गेली तिथे कागदांचे दुःख कोणापाशी सांगायचे? मी मारुतीला नमस्कार केला आणि परत आलो.

परत येताना नळदुर्ग लागते. बोरी नदीवरचा पाणीमहाल पाहायला आपण मुलांच्या सहली नेतो. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाडाबरोबर हा मुलूखही इंग्रजांकडे लावून दिला, तेव्हा त्याचा कारभार पाहण्यासाठी मेडोज टेलर नावाचा एक साहेब येथे राहून गेला. ठगांवर कादंबरी लिहिणारा तो हाच. पुढे १८६३ मध्ये त्याने ‘तारा’ नावाची कादंबरी लिहिली, तिची नायिका तर आपल्या तुळजापूरची मुलगी. हा जन्माने लिव्हरपूलचा, पण नोकरी संपल्यावर आयर्लंडात डब्लिनजवळ जाऊन राहिला. मला टेलरची आठवण झाली ती दोन कारणांनी.

पहिले कारण त्या आयर्लंडचे. तिथले लोक, आणि तेथून दुष्काळात देशोधडीला लागलेल्यांची नातवंडे-पतवंडे, आपल्या पूर्वजांची लग्ने आणि आईबाप शोधण्यात आपल्यासारखीच गढलेली असतात. सगळ्यांच्या जन्म-मृत्यू-विवाहांची सरकारी नोंद तिथे १८६४ पासून. त्याआधीचे शोधायचे तर गावच्या चर्चची वही. कॅथलिकांच्या त्या वह्यांत बाप्तिस्म्याच्या ओळीत मुलाचे नाव, बापाचे नाव, दोन साक्षीदार आणि आईचे नाव असते. तेही बहुधा तिच्या माहेरच्या आडनावासह. हे वाचून मला त्या अनोळखी पाद्र्यांचा हेवा वाटला. मात्र त्यांच्यावरही आमच्यासारखा प्रसंग आला होता. १९२२ च्या यादवीत डब्लिनचे सरकारी दप्तरखाने जळाले. त्यात राजमान्य प्रॉटेस्टंट चर्चच्या ज्या वह्या सुरक्षित राहाव्यात म्हणून मुद्दाम आणून ठेवल्या होत्या त्या गेल्या, आणि ज्या कॅथलिकांना राज्याने पिढ्यान् पिढ्या दाराबाहेर ठेवले त्यांच्या वह्या खेड्यापाड्यांतल्या चर्चमध्ये होत्या, म्हणून वाचल्या. २०१५ पासून तर त्या कोणालाही घरबसल्या पाहता येतात.

दुसरे कारण टेलरच्या बायकोचे. ती हैदराबादचा सावकार विल्यम पामर याची मुलगी. हा विल्यम म्हणजे जनरल पामर आणि फैज बख्श यांचा मुलगा. जनरल पामर १७९८ ते १८०१ पुण्याच्या दरबारात इंग्रजांचा वकील होता, म्हणजे आपल्या दुसऱ्या बाजीरावाच्या वेळी. त्याची पहिली बायको वेस्ट इंडीजमधली. ती चर्चच्या वहीतली बायको. पण ती हिंदुस्थानात आलीच नाही. जन्म काढला तो फैज बख्शने. त्या दोघांचे लग्न झाले होते की नव्हते, झाले तर कोणत्या रीतीने, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. पण त्या कुटुंबाचे १७८५ च्या सुमाराचे एक अपुरे चित्र लंडनला आहे. त्यात ती भुईवर बसली आहे, पोरे अंगाशी आहेत, आणि शेजारी साहेब. मृत्युपत्रात त्याने तिला पस्तीस वर्षांहून अधिक काळची आपली सोबतीण म्हटले. चर्चच्या वहीत तिच्यासाठी ओळ नव्हती, म्हणून त्याने ती स्वतः लिहिली. पामरच्या वंशजाने आपल्या वृक्षात कोणाला घ्यावे? वहीतलीला की चित्रातलीला?

हा प्रश्न मी परक्याच्या घरचा म्हणून मजेने घोळवीत होतो. तोच तो आमच्या घरी येऊन बसला.

आमच्या घराण्यात सर्वांत वडील म्हणजे तात्या, माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. त्यांच्याकडे एक लोखंडी पेटी आहे. वंशावळीसाठी त्यांनी ती उघडू दिली, पण तळचे एक पुडके काढू दिले नाही. ते त्यांनी दिले तीन महिन्यांनी, आणि तेही मी मागितले नसताना. आत एक वाटणीपत्र होते. वर निजाम सरकारचा उर्दूतला स्टँप, खाली मोडी, सन १३३५ फसली, म्हणजे इसवी १९२५-२६. तुळजापूरच्या एका निवृत्त शिक्षकांनी ते मला वाचून दिले. पणजा आपल्या भावांपासून वेगळा निघाला तेव्हाचे ते पत्र. त्यात त्याने लिहवले होते की, माझे पश्चात माझे हिश्शात पाटाची बायको व तिजबरोबर आलेला मुलगा यांचा हक्क आहे. त्या मुलास पोटच्या मुलाइतकाच वाटा आहे. त्यास माळाची पट्टी नेमून दिली आहे. भाऊबंदांनी हरकत करू नये.

तिजबरोबर आलेला मुलगा म्हणजे माझे आजोबा.

पाट म्हणजे काय हे आजच्या शहरी वाचकांना कदाचित सांगावे लागेल. पहिले ते लग्न. विधवेचा दुसऱ्यांदा संसार मांडला जाई तो पाट. तो रात्री लागे, मांडवाशिवाय, वाजंत्रीशिवाय. मराठी राज्यात त्यावर पाटदाम नावाची पट्टीही होती. म्हणजे सरकारला तो मान्य होता, इतका की त्यावर पैसा घेता येत होता. पणजीचा पहिला नवरा १९१८ च्या मानमोडीत गेला, एवढे आत्याने आता, कागद दाखवल्यावर, सांगितले. त्याचे नाव तिलाही ठाऊक नाही. दोन वर्षांचे पोर कडेवर घेऊन ती माहेरी आली, आणि पुढे पाट लागून आमच्या गावी. नाशिकच्या वहीत आजोबांपुढे ‘पुत्र’ एवढेच आहे. खासऱ्यात पणज्याचे नाव बाप म्हणून आहे. एक कागद ‘पुत्र’ म्हणतो, दुसरा ‘तिजबरोबर आलेला’ म्हणतो, आणि दोन्ही खरे आहेत.

मी तात्यांना विचारले, “हे छापायचं का?” तात्या म्हणाले, “मास्तर, हा कागद मी तीस वरीस पेटीत ठिवला, तो काय लाजंनं? तुमच्यासाठी ठिवला. उद्या बांधावरनं चार शब्द झाले की कुनी बी म्हनंल, तुमी आनलेल्याची पोरं. मग आमी काय तोंड द्यायाचं?”

तात्या हे पणज्याच्या पोटच्या मुलाचे चिरंजीव. रक्ताचा हिशेब मांडायचा झाला तर घर त्यांचे आणि पाहुणे आम्ही. तो हिशेब कोणी मांडू नये म्हणून त्यांनी कागद दडवला, आणि तो हिशेब कोणी मांडू नये म्हणूनच पणज्याने तो लिहवला होता. एकाच मायेपोटी एकाने लिहून ठेवले आणि दुसऱ्याने झाकून ठेवले. आता यात खरे कोणाचे? लपवणारा माणूस खोटा, हे शाळेत शिकवायला सोपे आहे. तात्यांसमोर बसून ते म्हणायला माझी जीभ रेटेना.

तरीही मला वाटते की लिहिले पाहिजे, आणि का वाटते ते सांगतो. पणजीने ही गोष्ट कधी लपवली नव्हती. पंचांदेखत ती या घरात आली, सगळ्या गावाने पाहिले. लाज तिची नाहीच. ती पुढे दोन पिढ्यांनी, आपण मोठे कुळवंत ठरावे म्हणून, तिच्या नावावर चढवलेले कर्ज आहे. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी लग्न केले. त्यांच्या मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकले, आणि आज महाराष्ट्र ते अभिमानाने सांगतो. जी गोष्ट कर्व्यांना एवढे सोसून करावी लागली, ती आमच्या अडाणी पणज्याने रात्रीच्या एका पाटात केली आणि दुसऱ्या दिवशी औताला गेला. मग एकाचे पुस्तकात यावे आणि दुसऱ्याचे पेटीच्या तळाशी राहावे, हा कुठला न्याय?

वर्गात मी सत्यकाम जाबालाची गोष्ट सांगतो. आईने सांगितले, तुझा बाप कोण हे मला ठाऊक नाही. मुलाने गुरूला तसेच सांगितले. गुरूने त्याला जवळ केले. मागे एका मुलाने विचारले, “गुरुजी, मग त्याच्या दाखल्यावर काय लिहिलं?” सारा वर्ग हसला. पण प्रश्न चोख होता. उपनिषदाने उत्तर दिलेले आहे: आईचे नाव लिहिले. आणि कर्णाने तर सूर्याचा मुलगा आहेस असे कळल्यावरही राधेय राहणेच पसंत केले. आपल्या पोथ्यांना हे पेलते. आपल्या सोयरिकींना पेलत नाही. तात्यांच्या नातीचे लग्न जमवायचे आहे, हेही मी विसरलेलो नाही.

मात्र या सगळ्यात एक माणूस मला रात्री झोपू देत नाही. पणज्याची थोरवी सांगता सांगता आपण त्या पहिल्या नवऱ्याला पुन्हा एकदा मारीत तर नाही ना? त्याने मुलाला टाकले नव्हते. तो तापाने मेला, पंचविशीच्या आतबाहेर असेल. त्याचे नाव कोणत्या वहीत असेल तर ती भूकंपात गेली. माझ्या हातापायांची ठेवण कदाचित त्याची असेल, माझ्या मुलीचे डावखुरेपण त्याचे असेल. ज्याने वाढवले त्याला बाप म्हणण्यासाठी ज्याने जन्म दिला त्याला कोणी नव्हे म्हणावे लागते काय? मला तसे वाटत नाही. वृक्षाला एकच मूळ असते ही कल्पना चित्रकाराची, शेतकऱ्याला विचारा. कादंबरीत मी त्याला नाव दिले असते, एक बैलजोडी दिली असती. कादंबरी आपण खोटी आहोत हे आधीच सांगून बसते, म्हणून तिथे ते चालते. वंशावळीत चालणार नाही. तिथे त्याच्यासाठी एक रिकामी चौकट काढायची आणि ती रिकामीच ठेवायची, एवढे मी ठरवले आहे. पणजीच्या एका बाजूला ती चौकट, दुसऱ्या बाजूला पणजा, आणि खाली मुले.

गेल्या आठवड्यात तसा कच्चा कागद करून मी तात्यांकडे घेऊन गेलो. छापखान्यात तो तात्यांच्या होकाराशिवाय जाणार नाही, हे आधीच सांगितले. मग वाटणीपत्राचा बाळबोध उतारा त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. आमच्या वाट्याची ती जमीन १९७२ च्या दुष्काळात आजोबांनी विकली, तेव्हा माझा जन्मही नव्हता. तात्या डोळे मिटून ऐकत होते. ‘त्यास माळाची पट्टी नेमून दिली आहे’ या वाक्यावर त्यांनी हात वर केला.

“माळाची न्हवं,” ते म्हणाले. “मळईची. माळ आमच्या बापाला आला. बोरीकाठची मळई तुझ्या आज्याला दिल्ती. मोडी नीट वाचून आन परत.”